रस्त्याकडेच्या उतारावरची झाडं आणि त्यांच्या मुळांलगतची माती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घाटरस्त्यांच्या कडेला गवत आणि झुडपं लावणारी तरुण मंडळं, शाळांची हरित सेना, रस्त्याला लागून शेत असलेले शेतकरी आणि प्रकल्पासाठी विषय शोधणारे विद्यार्थी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथं एकत्र केले आहेत. उदाहरणं पन्हाळा, आंबा, गगनबावडा, राधानगरी या कोल्हापूर जिल्ह्यातल्या, आपल्या ओळखीच्या रस्त्यांची आहेत. प्रश्नांची भाषा विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तिथं त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मुळांलगतची माती म्हणजे नेमकी कुठली? झाडाखालची सगळी का?

सगळी नाही. जिवंत मुळाच्या सालीपासून एक-दोन मिलिमीटर, फार तर काही मिलिमीटरपर्यंतची माती. लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञानं १९०४ साली या पट्ट्याला ‘ऱ्हायझोस्फिअर’ हे नाव दिलं.

पाऊस उघडल्यावर उतारावरच्या कुसळी गवताचं एक ठोंब हलक्या हातानं उपटून झटका. सैल माती गळून पडते. तरी बारीक मुळांवर मातीची बाही चढवल्यासारखा एक थर चिकटून राहतो. तो झटकून जात नाही, कारण मुळांनी सोडलेला चिकट स्राव आणि मुळांवरचे केस यांनी तो धरून ठेवलेला असतो. आपण ज्या मातीबद्दल बोलतोय ती ही. मुळं या थरात साखर, सेंद्रिय आम्लं, अमिनो आम्लं सोडत राहतात आणि त्यावर जगणाऱ्या जिवाणूंची गर्दी शेजारच्या मोकळ्या मातीपेक्षा इथं कितीतरी जास्त असते.

हा पट्टा प्रत्येक अन्नद्रव्यासाठी सारखा रुंद नसतो. स्फुरद (फॉस्फरस) मातीत जवळजवळ जागचा हलत नाही, म्हणून मूळ फक्त आपल्या अगदी लगतचाच स्फुरद उचलू शकतं. नत्राचं (नायट्रोजनचं) नायट्रेट रूप पाण्याबरोबर वाहत येतं, त्यामुळं ते काही सेंटिमीटर लांबूनही मुळाकडं ओढलं जातं.

२. झाड मातीतलं अन्न खातं, मग माती सुपीक कशी होते? दोन्ही कसं खरं?

दोन्ही खरं आहे, फक्त जागा आणि वेळ वेगळी आहे. वाढीच्या दिवसांत, म्हणजे आपल्याकडं जून ते सप्टेंबर, मुळाच्या अगदी लगत पालाश (पोटॅशियम) आणि स्फुरद कमी होतात, कारण मूळ ते उचलत असतं. त्याच वेळी मुळाची आम्लं आणि जिवाणूंची विकरं (एन्झाइम) मातीत अडकून पडलेला स्फुरद, लोह, जस्त सोडवतात. म्हणजे एकीकडं खर्च आणि दुसरीकडं जुनी येणी वसूल, असं एकाच जागी चालू असतं. पुढं बारीक मुळं मरतात, पानं गळतात आणि उचललेलं बरंचसं परत येतं.

खोल मुळांचं झाड खालच्या मुरमातलं कॅल्शियम, पालाश वर आणून पानांतून पृष्ठभागावर टाकतं. उतार दरवर्षी श्रीमंत होणार की गरीब, हे म्हणूनच झाडानं किती खाल्लं यावर ठरत नाही. झाडानं जमवलेलं त्याच उतारावर राहतं की कापून, जाळून, वाहून बाहेर जातं, यावर ठरतं. खालची बरीचशी उत्तरं याच मुद्द्यावर उभी आहेत.

३. आमच्या शेतातली माती आणि रस्त्याच्या कटिंगची माती यात एवढा फरक का? दोन्ही एकाच गावची आहे.

कटिंग केलं की वरची माती पहिल्याच दिवशी जाते. सेंद्रिय कर्ब, नत्र, बियाणं, बुरशीचे धागे, जे काही जिवंत ते सगळं वरच्या वीत-दीड वीत मातीत असतं. खाली उघडा पडतो तो मुरूम, जांभा किंवा थेट काळा पाषाण. भरावाचा प्रकार वेगळा. तिथं माती असते, पण रोलरनं दाबलेली. त्यात हवा कमी, पाणी मुरत नाही आणि मुळं आडवी पसरतात.

आपल्या जिल्ह्यात दुसरा फरक पावसाचा आहे. गगनबावड्याला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, तर शिरोळला सुमारे ५००. पश्चिमेकडच्या पावसानं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश हजारो वर्षं धुवून नेले आणि मागं लोह आणि अॅल्युमिनियम उरलं. तीच तांबडी, आम्लधर्मी, जांभ्याची माती. पूर्वेकडं काळी, चुनखडीयुक्त, सामू (पीएच) साडेसातच्या वर. त्यामुळं आंबा घाटात जे झाड चाललं तेच जयसिंगपूरच्या बायपासला चालेल असं गृहीत धरू नका.

४. कुठलं झाड मातीला नेमकं काय देतं? एक यादी द्या ना.

यादी मागणाऱ्यांची अडचण समजते, पण नुसत्या यादीनं घोटाळा होतो. झाडांचे गट समजून घेतले तर निवड तुमची तुम्हालाच करता येईल.

गवतं : कुसळी, मारवेल, शेडा, वाळा. गवताचं निम्मं जग जमिनीखाली असतं. बारीक मुळं दरवर्षी मोठ्या प्रमाणात मरतात, नवी येतात आणि हाच मेलेला मुळांचा साठा मातीच्या आत, धुपेपासून सुरक्षित, सेंद्रिय कर्ब म्हणून जमतो. मातीचे कण एकत्र बांधून रवाळपणा आणण्यात गवताच्या हातची बरोबरी कुणी करत नाही. पण गवत नत्र कमावत नाही. मुळांभोवती ॲझोस्पिरिलमसारखे जिवाणू थोडं स्थिर करतात, तेवढंच. नुसतं गवत लावलेला कटिंगचा उतार दोन-तीन वर्षांत पिवळा पडतो तो यामुळं. वाळ्याची मुळं चांगल्या जमिनीत ३ मीटरच्याही खाली जातात, म्हणून उतार धरायला तो उत्तम. तरीही एकटा वाळा माती श्रीमंत करील ही अपेक्षा ठेवू नका.

नत्र धरणारी : गिरीपुष्प, शेवरी, करंज, पांगारा, हंगामापुरतं ताग आणि धैंचा. यांच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र धरतात. गिरीपुष्पाच्या पानात नत्र भरपूर, पानं आठवड्यांत कुजतात आणि नत्र लगेच हाताला लागतो. याची दुसरी बाजूही आहे. नत्र धरताना मूळ बाहेर आम्लता सोडतं. चुनखडीच्या मातीत हे चांगलं, त्यानं स्फुरद सुटतो. आधीच आम्ल असलेल्या जांभ्यावर दाट गिरीपुष्प वर्षानुवर्षं ठेवलं तर सामू आणखी खाली सरकतो. म्हणून घाटमाथ्यावर त्याच्या सलग ओळी लावण्याच्या मी विरोधात आहे. गवतात अधूनमधून एक, एवढं पुरे.

स्थानिक झुडपं : धायटी, निरगुडी, कारवी. ही नत्र धरत नाहीत. पण खडकाच्या भेगेत मुळं घालतात, सावकाश कुजणारा पाला टाकतात आणि मुळांवरच्या बुरशीच्या मदतीनं गरीब मातीतून स्फुरद मिळवतात. घाटातल्या तीव्र उताराचा खरा कणा हीच. लोकांना ती ‘लावायची’ झाडं वाटत नाहीत याचं मला वाईट वाटतं, कारण मशीन लावून ती आधी साफ केली जातात आणि मग त्याच जागी रोपवाटिकेतून आणलेलं काहीतरी लावलं जातं.

ऑस्ट्रेलियन बाभूळ : मुळांवर गाठी आहेत, नत्र धरते. पण पाला चामड्यासारखा, कुजायला वेळ घेणारा. खाली जाड थर साचतो आणि गवत उगवत नाही. मुसळधार पावसात तो थरच सरकून गटारात जातो आणि खाली उघडी माती राहते.

थोडक्यात गवत सलग, नत्र धरणारं विरळ आणि स्थानिक झुडूप जिथं आहे तिथं तसंच. या तिघांच्या मिश्रणात मुळांचे थर वेगवेगळ्या खोलीवर जातात आणि एकाच अन्नद्रव्यासाठी ओढाताण कमी होते.

५. नुसती हरळी लावली तर चालंल का सर? ती कुठंबी येत्या.

साईडपट्टीच्या सपाट भागात आणि भरावाच्या वरच्या कडेला चालेल. कटिंगच्या उभ्या जागेवर नाही, तिथं तिला धरायला मातीच नसते. आणि शेताला लागून असेल तर लावूच नका, कारण तुम्हालाच जाणीव आहे की ती नंतर निघत नाही.

६. शेंगा येणारं प्रत्येक झाड नत्र देतं, बरोबर ना? म्हणून आम्ही काशीद लावलाय.

इथं बहुतेकांची फसगत होते. शेंगा येतात म्हणजे मुळांवर गाठी येतातच असं नाही. काशीद, बहावा, तरवड, टाकळा हे सगळे शेंगावर्गातले, पण यांच्या मुळांवर नत्राच्या गाठी होत नाहीत. गुलमोहराचंही तेच. आपल्या रस्त्यांवर दुतर्फा लावलेली बरीच झाडं याच गटातली निघतात.

काशीद वाईट आहे असं नव्हे. सावली देतो, पाला देतो, खालचा पालाश वर आणतो. मात्र नत्राचा हिशोब त्याच्या भरवशावर करू नका. लावून झाला असेल तर त्याच्या मधल्या जागेत शेवरी किंवा गिरीपुष्प घ्या.

७. गाठी आहेत, पण त्या काम करतात हे कसं कळायचं?

ऑगस्टमध्ये एक रोप मुळासकट अलगद काढा, ओढून उपटू नका, गाठी मातीत तुटून राहतात. मुळं पाण्यात विसळून एक गाठ नखानं चिरा. आत गुलाबी-लालसर रंग दिसला तर नत्र धरणं चालू आहे. पांढरी, हिरवट किंवा करडी निघाली तर ती गाठ एकतर कोवळी आहे, नाहीतर निकामी. सगळ्याच निकामी असतील तर स्फुरदाची कमतरता किंवा योग्य जिवाणूंचा अभाव ही दोन कारणं आधी तपासा. पुढचा प्रश्नही वाचा.

८. रोपं जोर धरेनात, थोडा युरिया टाकला तर?

नत्र धरणाऱ्या झाडाला युरिया दिला की ते गाठी करणं कमी करतं. तयार नत्र मिळत असताना जिवाणूंना साखर पुरवण्याचं त्याला कारण उरत नाही. शिवाय उतारावर टाकलेला युरिया पहिल्या जोराच्या सरीत विरघळून खाली जातो. तुमचे पैसे ओढ्याला आणि ओढ्यातून पंचगंगेला.

रोपाच्या खड्ड्यात मुरलेलं शेणखत किंवा लेंडीखत ओंजळभर आणि जांभ्याच्या मातीत त्यासोबत थोडं रॉक फॉस्फेट, हे पुरतं. रॉक फॉस्फेट आम्ल मातीतच विरघळतं, शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या मातीत ते पडून राहतं. आणि एक बिनखर्चाचा उपाय जरूर करा. जवळच्या न खोदलेल्या उतारावरच्या जुन्या गवताखालची मूठभर माती प्रत्येक खड्ड्यात घाला. त्यात स्थानिक बुरशी असते. जमिनीवरच्या वनस्पतींपैकी बहुसंख्य वनस्पती मुळांवरच्या बुरशीच्या आधारानं स्फुरद घेतात, आणि तिचे धागे मुळापासून काही सेंटिमीटर लांबपर्यंत पोचतात. कटिंग करताना नेमकी तीच नाहीशी होते.

९. रिपोर्टमध्ये स्फुरद ‘अत्यंत कमी’ आलाय, पण उतारावरचं गवत तर हिरवंगार आहे. रिपोर्ट चुकला का?

बहुधा चुकलेला नाही, पण दोन गोष्टी बघा. पहिली, कुठल्या पद्धतीनं तपासणी झाली. ओल्सेन पद्धत उदासीन आणि चुनखडीच्या मातीसाठी आहे. आम्ल मातीसाठी ब्रे पद्धत. जांभ्याच्या नमुन्यासाठी प्रयोगशाळेत तसं आवर्जून सांगावं लागतं, नाहीतर सगळे नमुने एकाच पद्धतीनं जातात.

दुसरी, रिपोर्टमधला आकडा ‘उपलब्ध’ स्फुरदाचा असतो. लोह-अॅल्युमिनियमला चिकटलेला स्फुरद त्यात मोजला जात नाही. स्थानिक गवत मुळांची आम्लं आणि बुरशी वापरून त्यातलाच थोडा-थोडा सोडवत राहतं. गवत हिरवं आहे याचा अर्थ मुळांलगतची यंत्रणा चालू आहे. अशा जागी माती उकरू नका, एवढीच विनंती.

१०. नमुना कसा घ्यायचा? मृद आरोग्य पत्रिकेसाठी घेतो तसाच का?

शेतात आपण इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेऊन १५ सेंटिमीटरपर्यंतची माती घेतो आणि सगळ्या जागांची एकत्र करतो. इथं तसं केलं तर जे शोधायचं तेच हरवतं. मुळांचा परिणाम मिलिमीटरमधला आणि मिसळलेली माती किलोभर.

एकाच जातीची, साधारण एकाच वयाची पाच-सहा रोपं किंवा ठोंब निवडा. मुळासकट काढा. हलवून सैल माती पाडा. ती एका पिशवीत, ‘झाडाखालची सैल माती’ म्हणून. मुळांना चिकटून राहिलेली माती मऊ ब्रशनं कागदावर काढा. ती दुसऱ्या पिशवीत, ‘मुळांलगतची’. आणि तिसरा नमुना त्याच उतारावर, त्याच उंचीवर, जिथं काहीच उगवलेलं नाही अशा जागेचा, तितक्याच खोलीवरून. तिसऱ्याशिवाय पहिल्या दोघांना अर्थ नाही, कारण तुलना कशाशी करणार?

मुळांलगतची माती फार थोडी मिळते, म्हणून सगळ्या रोपांची एकत्र करा. प्रयोगशाळेला किती लागेल ते आधी विचारून घ्या. सावलीत वाळवा, उन्हात नाही. खताच्या किंवा सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात चुकूनही भरू नका. पिशवीवर जागा, झाड, उताराचा भाग आणि तारीख पेन्सिलनं लिहा, शाई ओलीनं पसरते. आपल्या पत्रिकेत १२ घटक असतात. यासाठी त्यातले सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश आणि जस्त एवढे बघितले तरी चित्र स्पष्ट होतं.

नमुने काढण्यासाठी घाटातल्या वळणावर उभं राहू नका, आणि जूननंतर उभ्या कटिंगखाली बिलकुल थांबू नका.

११. मेमध्ये नत्र कमी होतं, वळीव झाल्यावर तपासलं तर एकदम वाढलं. झाडांनी वाढवलं का?

नाही, पावसानं. उन्हाळाभर कोरड्या पडलेल्या मातीवर पाणी पडलं की मेलेल्या जिवाणूंचं आणि कोरड्या सेंद्रिय पदार्थाचं झपाट्यानं विघटन होतं आणि काही दिवसांपुरता नत्राचा पूर येतो. जुनी माणसं वळवाच्या पाण्याला खताची ताकद असते म्हणतात, त्यात हे तथ्य आहे. पण झाडाचं योगदान मोजायचं असेल तर हा काळ टाळा. ऑक्टोबरच्या शेवटी, पाऊस थांबून गवत पिकायला लागतं तेव्हा, दरवर्षी त्याच पंधरवड्यात नमुना घ्या.

१२. घाणेरी आणि रानमोडीखालची माती काळी, भुसभुशीत असते. मग ती काढायची कशाला?

निरीक्षण अगदी बरोबर आहे. दोन्हींचा पाला भरपूर आणि लवकर कुजणारा. वरच्या काही सेंटिमीटरमध्ये नत्र आणि कर्ब वाढलेला सापडतो. पण त्या झुडपाच्या आत वाकून बघा. खाली गवताची एक काडी नसते. म्हणजे ही सुपीक माती धरून ठेवणारं बारीक मुळांचं जाळं नाही. जुलैत पाणी फांद्यांखालून वाहतं आणि तोच काळा थर आधी घेऊन जातं. वर घाणेरी उन्हाळ्यात आगीला चांगलं जळण पुरवते.

तरी एका हंगामात सगळी उपटू नका, विशेषतः पावसाच्या तोंडावर. ऑक्टोबरनंतर पट्ट्यापट्ट्यानं, जमिनीलगत कापा, मुळं जागेवर राहू द्या, कापलेल्या फांद्या बी येण्याआधीच्या असतील तर आडव्या टाकून ठेवा. त्या सुपीक थरात लगेच मारवेल किंवा कुसळीचे ठोंब लावा. कमावलेली माती तरी हातची जाऊ नये.

१३. आमच्याकडच्या बायका रस्त्याकडेची वैरण कापून नेतात. त्यानं उतार खराब होतो का?

कापण्यानं नाही, खरवडण्यानं होतो. गवताच्या वरच्या भागात पालाश बराच असतो आणि तो गोठ्यात जातो. दरवर्षी सगळंच गेलं तर उताराचा पालाश हळूहळू घटतो हे खरं. पण बी पडून गेल्यावर एकदा, बुडापासून चार बोटं ठेवून कापलं, तर मुळं जिवंत राहतात आणि मुळांतला साठा मातीतच राहतो. जनावरांना चारा लागतोच, तो बंद करा असं सांगणं मला योग्य वाटत नाही. खुरप्यानं बुडासकट काढू नये आणि उभ्या कटिंगवर चढू नये, एवढं गावात बोलून ठरवता येतं. वाहनांची वर्दळ मोठी असलेल्या रस्त्याची वैरण मात्र नको. कारण प्रश्न १८ मध्ये.

१४. फेब्रुवारी-मार्चमध्ये उतार पेटवतात, म्हणजे गवत चांगलं येतं म्हणे. राख हे खतच की?

राखेत पालाश, कॅल्शियम, थोडा स्फुरद असतो, म्हणून पहिल्या सरीनंतर कोंब तरारून येतात. लोकांना तेच दिसतं. जे दिसत नाही ते असं : पाचोळ्यातला नत्र आणि गंधक धूर होऊन हवेत जातात, ते परत येत नाहीत. राख हलकी, उतारावर ती एका वळवात गटारात. आणि जळालेल्या उघड्या मातीवर मृगाचा पाऊस थेट आपटतो. सपाट माळावर एखाद्या वर्षी हे निभावतं. रस्त्याच्या उतारावर दरवर्षी पेटवलं तर गवताच्या चांगल्या जाती विरळ होत जातात आणि आगीला दाद न देणारी निकृष्ट उरतात. वनहद्दीत आग लावणं हा गुन्हा आहे, ते वेगळंच. आमच्याकडं येणाऱ्या सगळ्या प्रश्नांत ज्या एका सवयीनं सर्वात जास्त नुकसान होतं ती ही आहे, म्हणून इतकं स्पष्ट लिहिलं.

१५. कारखान्याची मळी किंवा शेतातलं पाचट उतारावर टाकलं तर?

दोन्ही चांगली, पण कामं वेगळी. कुजवलेली मळी (प्रेसमड) स्फुरद, कॅल्शियम आणि सेंद्रिय पदार्थ देते, आम्ल जांभ्याला ती विशेष मानवते. ताजी, गरम मळी घालू नका, मुळं भाजतात.

पाचटात कर्ब प्रचंड आणि नत्र नगण्य. ते मातीत मिसळलं तर कुजवणारे जिवाणू मातीतलाच नत्र उचलतात आणि रोपं पिवळी पडतात. म्हणून मिसळू नका, वर अंथरा. उतारावर ते घसरू नये म्हणून काथ्याची जाळी किंवा आडव्या बांबूच्या पट्ट्या लागतात. सोबत गिरीपुष्पाचा ओला पाला टाकला तर नत्राची तूट भरून निघते. आणि सिगारेटचं एक थोटूक सगळं पाचट पेटवू शकतं, म्हणून डांबरापासून दोन-तीन मीटरचा पट्टा मोकळा ठेवा.

१६. उताराच्या पायथ्याला झाडं जोरात आणि वरती मरतुकडी. वरची जात बदलायची का?

आधी पाणी आणि माती कुठं जाते ते बघा. वरून धुतलेली बारीक माती आणि विरघळलेला पालाश, नायट्रेट पायथ्याला जमतात. तोच फरक दिसतोय, जातीचा नव्हे. वरच्या कडेला वाळ्याची किंवा मारवेलची सलग आडवी ओळ, ठोंब एकमेकांपासून वितीपेक्षा कमी अंतरावर, अशी लावा. तिच्या मागं गाळ अडला की पुढचं काम मुळं करतात. वरच्या आणि खालच्या मातीचे नमुने कधीही एकत्र करू नका.

१७. संरक्षक भिंतीजवळची रोपं पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. कुठला रोग?

रोग नाही, लोहाची कमतरता. सिमेंटमधून झिरपणारं पाणी अल्कधर्मी असतं. त्यानं भिंतीलगतच्या मातीचा सामू चढतो आणि लोह, जस्त, मंगल (मँगनीज) मातीत असूनही मुळांना मिळत नाहीत. सिमेंटचा फवारा मारलेल्या उताराच्या खालच्या कडेलाही हेच दिसतं. नव्या बांधकामाजवळ दोन पावसाळे जाऊ द्या, तोवर गवत लावा. शेणखतानं फरक पडतो.

१८. रस्त्याकडेचा टाकळा भाजीला आणला तर चालतो का?

गावच्या आतल्या पाणंदीचा खुशाल आणा. महामार्गाच्या कडेचा नको. टायर झिजून जस्त पडतं, ब्रेकमधून तांबं पडतं आणि जुन्या रस्त्यांच्या मातीत शिसंही असतं. देशात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, पण शिसं मातीतून सहजी जात नाही. बहुतेक हे डांबराच्या कडेपासून पहिल्या काही मीटरमध्ये साचतं आणि अंतराबरोबर घटत जातं.

इथं मुळांचं काम पुन्हा महत्त्वाचं ठरतं. मुळांनी आम्लता वाढवली की जड धातू थोडे जास्त विरघळतात, सेंद्रिय पदार्थ वाढला की ते बांधले जातात. वाळ्यासारखं गवत बरेचसे धातू मुळांतच ठेवतं, पानात कमी चढवतं. पालेभाज्यांचं तसं नाही, आणि पानावर बसलेली धूळ वेगळीच.

१९. परदेशी लेखांत रस्त्यावरच्या मिठानं माती बिघडते असं असतं. आपल्याकडं?

ते बर्फ वितळवण्यासाठी टाकलेलं मीठ. आपल्याकडं तो प्रश्नच नाही.

२०. कंत्राटदारानं हिरवा लगदा फवारला, महिन्यात उतार हिरवागार झाला, पुढच्या वर्षी सगळं वाळलं. असं का?

त्या लगद्यात बी, कागदाचा किंवा लाकडाचा भुसा, चिकटवणारा पदार्थ आणि विद्राव्य खत असतं. पहिली हिरवळ त्या खताची. गगनबावड्याच्या पावसात ते एका हंगामात धुऊन जातं. तोपर्यंत मुळांनी आणि जिवाणूंनी स्वतःचा नत्राचा व्यवहार उभा केला नसेल तर उतार पुन्हा उघडा. मिश्रणात स्थानिक गवताचं आणि नत्र धरणाऱ्या जातींचं बी होतं का, आणि दुसऱ्या वर्षी विरळ जागा भरण्याची अट करारात होती का, हे दोन प्रश्न काम सुरू होण्याआधी विचारायचे असतात.

२१. माती सुधारायला किती वर्षं लागतात?

मुळाच्या लगत बदल काही आठवड्यांत सुरू होतो. झाडाखालच्या वरच्या थरात फरक तीन-चार पावसाळ्यांनी तपासणीत दिसायला लागतो, आधी नत्र आणि कर्बात. उघड्या मुरमावर नीट माती म्हणावी असा थर तयार व्हायला दशकं जातात. म्हणून खोदाईच्या वेळी वरची माती बाजूला ढीग करून ठेवली आणि नंतर उतारावर परत पसरली, तर ते नंतरच्या कुठल्याही लागवडीपेक्षा मोठं काम होतं.

२२. माती सुपीक झाली, मुळं पसरली, की दरड कोसळायची थांबेल ना?

वरवरची धूप आणि उथळ घसरण कमी होते. मुळं जिथवर पोचतात तिथवरच. खडकाचे थर सुटले किंवा उताराच्या आत पाणी साठलं तर कुठलंही झाड ते अडवू शकत नाही. पन्हाळ्याचा रस्ता २०२१ च्या जुलैत खचला, त्या तऱ्हेच्या घटनेत पाण्याचा निचरा आणि भूगर्भाचा अभ्यास लागतो. तीव्र उताराच्या वरच्या कडेला मोठी वजनदार झाडं लावू नका. वाऱ्यानं हलून तीच भेगा रुंद करतात. भेग दिसली तर रोप न लावता ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालयाला कळवा.

२३. परवानगी लागते का?

लागते. राष्ट्रीय महामार्गाची हद्द महामार्ग यंत्रणेची, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, घाटाचा बराच भाग वनविभागाचा. केंद्राचं महामार्गांसाठीचं हरित धोरण २०१५ पासून आहे, अर्जात त्याचा उल्लेख करता येतो.

२४. मसाई पठाराच्या रस्त्याला लागून उजाड सडा आहे. तिथली माती आम्हाला सुपीक करायची आहे. सुरुवात कशानं करू?

कृपा करून करू नका. सडा म्हणजे जांभ्याचं सपाट पठार, आणि तो उजाड नाही. सड्यावरची माती बोटभर, आम्ल आणि नत्र-स्फुरदात अतिशय गरीब असते आणि तिथल्या वनस्पती नेमक्या त्याच गरिबीत टिकल्या आहेत. दवबिंदू आणि सीतेची आसवं या कीटक खाणाऱ्या वनस्पती नत्र कीटकांतून मिळवतात, कारण मातीत तो नाही. तिथं गिरीपुष्पाचा पाला पडला, शेणखत गेलं किंवा बाहेरची माती आली, की जोरदार वाढणारी गवतं आणि तणं आत शिरतात आणि या नाजूक वनस्पतींवर सावली धरतात. एकदा मातीत आलेला स्फुरद परत काढता येत नाही.

हाच नियम सड्याच्या कडेच्या रस्त्यालाही. तिथं उतार धरायचा असेल तर नत्र धरणारं काहीही न लावता त्याच परिसरातल्या गवताचं बी वापरा, बाहेरून माती आणू नका, आणि गटाराचं पाणी सड्यावर न सोडता खाली काढून द्या. आपली जागा सडा आहे की खरंच खोदलेली पड जमीन, हे ओळखायला सप्टेंबरमध्ये एकदा जाऊन या. छोटी फुलं जमिनीलगत दाटीनं आलेली दिसली तर खड्डे खणायचा बेत रद्द करा.